पान आधी उलटून बघा: १४९३ च्या छापील पानावरचे रंग कधीचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टुटगार्टला राहणाऱ्या एका वाचकांनी तिथल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक सुटं पान घेतलं. लॅटिन मजकूर, मध्ये तटबंदीच्या शहराचं लाकडी ठशाने छापलेलं चित्र, वर ‘मांतुआ’ हे नाव आणि चित्रात हाताने भरलेले रंग. विक्रेत्याने ‘न्यूरेंबर्ग, १४९३, मूळ रंग’ असं लिहून दिलंय. हे वाचक इटलीतल्या मांतुआला जाऊन आलेत आणि चित्रातलं गाव त्यांना मुळीच ओळखू आलं नाही. मग पान बनावट आहे का? रंग खरोखर त्या काळचे आहेत का? हिरव्या रंगामागे कागद तपकिरी पडलाय आणि एका जागी चिरलाय, त्याला काय करायचं? आणि फ्रेम करून ते चिपळूणच्या घरी आईवडिलांच्या दिवाणखान्यात लावलं तर चालेल का?

मांतुआपासूनच सुरुवात करते, कारण ही शंका वाचून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. पान घेऊन नुसतं भिंतीवर न लावता ते गाव आठवून बघणारा माणूस क्वचित भेटतो. तर घाबरू नका. हे पान ज्यातलं म्हणून विकलंय त्या ‘न्यूरेंबर्ग क्रॉनिकल’ या जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात तटबंदी, बुरूज आणि घंटाघरं असलेला हाच एक ठसा दमास्कस म्हणून येतो, फेर्रारा म्हणून येतो, मिलान म्हणून येतो आणि मांतुआ म्हणूनही येतो. वरचं नाव तेवढं बदलतं. पुस्तकात १८०९ चित्रं आहेत आणि ती छापायला ठसे होते ६४५. राजे, पोप, संत यांचे चेहरेही असेच फिरवून वापरलेत. त्या काळच्या वाचकाला ‘इथे एका शहराची गोष्ट आहे’ एवढी खूण पुरत होती. आपल्याकडे पोथीतला प्रत्येक ऋषी सारखाच दिसतो, त्यावरून कोणी भांडत नाही, तसंच हे. उलट न्यूरेंबर्गचं दोन पानांवर पसरलेलं चित्र मात्र नीट बघून काढलेलं आहे. त्यात उजवीकडे खाली गावाबाहेरची कागदाची गिरणीसुद्धा दिसते. १३९० साली उल्मान श्ट्रोमरने सुरू केलेली ती जर्मनीतली पहिली कागद गिरणी. छापणारे स्वतःच्या गावाशी प्रामाणिक राहिले, मांतुआच्या वाट्याला उसना ठसा आला.

पुस्तकाची ओळख दोन ओळींत सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. हार्टमान शेडेल या न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांनी जगाच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या काळापर्यंतचा इतिहास संकलित केला. पैसा झेबाल्ड श्रायर आणि झेबास्टियान कामरमाइस्टर या दोन धनिकांनी घातला. चित्रं मिखाएल व्होलगेमुट आणि त्यांचा सावत्र मुलगा विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या चित्रशाळेची, छपाई आंटोन कोबेर्गरची. लॅटिन आवृत्ती १२ जुलै १४९३ ला निघाली आणि जर्मन त्याच वर्षी २३ डिसेंबरला. पुढे जगभर नावाजलेला चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर १४८६ ते १४८९ या काळात व्होलगेमुटकडे शिकायला होता, म्हणून विक्रेते प्रत्येक पानाला ड्यूररचं नाव चिकटवतात. तुमच्या विक्रेत्याने तसं काही लिहिलेलं नाही, ही त्याची जमेची बाजू.

१५०० सालापर्यंत छापलेल्या पुस्तकांना ‘इन्क्युनाबुला’ म्हणतात, म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं. त्यांत हे पुस्तक दुर्मीळ नाही. लॅटिनच्या सुमारे ४०० आणि जर्मनच्या सुमारे ३०० प्रती आजही आहेत. म्हणूनच त्याची सुटी पानं बाजारात एवढी फिरतात. काही पानं आधीच मोडकळीला आलेल्या, अर्धवट प्रतींची असतात. काही चांगल्या, पूर्ण प्रती पानांची बेरीज जास्त होते म्हणून फाडलेल्या असतात. तुम्ही घेतलं ते घेतलं, त्यावर प्रवचन करत नाही. पण पुढचं पान घ्यायच्या आधी ‘हे कुठल्या प्रतीतून निघालं’ एवढं तरी विचारत चला.

आता पान बनावट आहे का, ते. फ्रेमच्या काचेतून मला कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. पान फ्रेममध्ये असेल तर बाहेर काढा, स्वच्छ कोरड्या हातांनी, आणि पहिल्यांदा ते उलटं ठेवा. सगळे जण चित्राकडे बघतात, रंगवणाराही चित्राकडेच बघून काम करतो, खोटं करणाराही. मागची बाजू सजवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. तीस वर्षं जुन्या कागदांचं हे काम करताना मला पुढच्या बाजूने जितकं सांगितलं त्याच्या दुप्पट मागच्या बाजूने सांगितलं.

खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च पानाच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. या पुस्तकाचं पान पाठपोट छापलेलं आहे, त्यामुळे दोन्हीकडे अक्षरं आहेत. तिरप्या उजेडात अक्षरांच्या आणि ठशाच्या रेघांच्या जागी कागद दबलेला दिसला पाहिजे, आणि पलीकडच्या बाजूला त्याच जागी बारीकसा फुगवटा. लाकडी ठसा आणि शिशाचे खिळे एकाच उंचीचे असत, एकाच फर्म्यात आवळून एकाच दाबात छापत. म्हणून चित्र आणि मजकूर दोन्हीकडे दाब सारखा लागतो. एखाद्या जुन्या पानावर दाबाच्या या खुणा कमी झालेल्याही असतात, कारण कोणीतरी ते पान धुऊन शिकंज्यात सपाट केलेलं असतं. दाब अजिबातच नसेल तर मात्र दहापट भिंग लावा. रेघ जर रंगीत ठिपक्यांची जाळी होऊन फुटली, तर ते ऑफसेटचं पुनर्मुद्रण. वायमारच्या ग्रंथालयातल्या रंगीत प्रतीचं एक सुंदर पुनर्मुद्रण २००१ साली निघालं आणि त्याची पानं कापून फ्रेम केलेली मी पाहिली आहेत. ती प्रत जर्मन आहे आणि तुमचं पान लॅटिन, म्हणजे त्यातलं तर ते नाही. तरी भिंग लावाच.

मग पान खिडकीशी धरून आरपार बघा. चिंध्यांच्या कागदात चाळणीच्या तारांच्या बारीक दाट रेघा आणि त्यांना काटकोनात, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, लांबलांब रेघा दिसतात. या आकाराच्या पुस्तकात लांब रेघा उभ्या असतात. जलचिन्ह दिसलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. पूर्ण ताव एकदा दुमडून दोन पानं होतात आणि चिन्ह त्यातल्या एकाच अर्ध्यात असतं, म्हणजे निम्म्या पानांना ते नसणं हेच बरोबर. असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण जलचिन्हांचा पिकार्ड संग्रह तुमच्याच गावात, स्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात आहे आणि तो ऑनलाइनही बघता येतो.

आणखी एक गोष्ट मोजून बघा. कोबेर्गरचं पान मोठं, न कापलेलं असेल तर उंचीला साधारण ४५ सेंटिमीटर. ऑग्सबुर्गच्या योहान श्योनस्पेर्गरने १४९६, १४९७ आणि १५०० साली याच पुस्तकाच्या चोरट्या आवृत्त्या काढल्या, लहान आकाराच्या, चित्रं नव्याने ओबडधोबड कोरून. कोबेर्गरला त्याचा फटका बसला. १५०९ च्या हिशेबात पाचशेहून अधिक प्रती पडून होत्या. श्योनस्पेर्गरचं पानही अस्सल पंधराव्या शतकाचंच, पण ‘न्यूरेंबर्ग १४९३’ म्हणून विकलं तर ती फसवणूक. तुम्ही पाठवलेलं माप ४३ × ३० आहे, त्यामुळे ही शंका इथे मिटते. लॅटिन आवृत्तीत पानाच्या वर ‘फोलियुम’ आणि रोमन आकडा असतो, जर्मनमध्ये ‘ब्लाट’. तेही जुळतंय.

म्हणजे कागद आणि छपाई खरी असावी. या धंद्यात खोटा कागद फार कमी सापडतो. जास्त वेळा सापडतं ते खऱ्या पानावर नंतर भरलेले रंग. रंगीत पानाला गिऱ्हाईक लवकर मिळतं, म्हणून काळंपांढरं पान घ्यायचं, रंगवायचं आणि ‘मूळ रंग’ लिहायचं, हा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे.

आधी हे लक्षात घ्या की त्या काळी रंग भरणं ही चैन नव्हती, रीतच होती. १४६१ साली बाम्बेर्गमध्ये आल्ब्रेख्ट फिस्टरने चित्रांचं पुस्तक छापलं तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं लाकडी ठशाची चित्रं म्हणजे नुसत्या बाह्यरेषा असत, रंगाची वाट बघत असलेल्या. पत्ते आणि संतांची चित्रं रंगवणारे कारागीर गावोगाव होते. त्यांना जर्मनीत ‘ब्रीफमालर’ म्हणत. गिऱ्हाईक पुस्तक सुट्या तावांत घेई, बांधणी आणि रंग ऐपतीप्रमाणे करून घेई. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींचे रंग सारखे नसतात. शेडेलची स्वतःची रंगीत प्रत म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. तिच्याशी तुमच्या पानाचे रंग जुळत नाहीत म्हणून ते खोटे ठरत नाहीत, आणि जुळले म्हणून खरेही ठरत नाहीत.

व्होलगेमुटच्या शाळेने मात्र ठशातच बारीक छायारेषा कोरायला सुरुवात केली होती. या पुस्तकातल्या बऱ्याच चित्रांना रंगाची गरज उरलेली नाही. पुढे १५२८ साली डच विद्वान इरास्मसने ड्यूररची तारीफ करताना लिहिलं की नुसत्या काळ्या रेषांत तो सगळं दाखवतो आणि वर रंग फासलात तर कामाची हानी कराल. माझंही मत तेच आहे, आणि विक्रेत्यांना ते आवडत नाही. चांगल्या छाप्याचं बिनरंगी पान मी रंगीत पानापेक्षा वरचं मानते.

आता तुमचे रंग. त्या काळच्या रंगवणाऱ्याच्या पाटीवर पाच-सहा रंग असत आणि गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांना मराठीत आपली जुनी नावं आहेत. हिंगूळ, शेंदूर, सफेदा, जंगाल, नीळ. निळ्यासाठी बहुतेक वेळा अझुराइट, म्हणजे तांब्याचंच एक खनिज. पिवळा वनस्पतींचा. गुलाबी-किरमिजी छटा पतंगाच्या लाकडाची. हे पतंग म्हणजे आपल्या वैद्यांकडचंच, ज्याचा काढा लाल होतो ते. युरोपात त्याला ‘ब्राझील’ म्हणत आणि ते हिंदी महासागरातून व्यापाऱ्यांच्या साखळीने तिकडे पोचे. १५०० नंतर अटलांटिकपार तसंच लाकूड सापडलं आणि त्या लाकडाचं नाव देशाला पडलं. तुमचं पान छापलं तेव्हा ब्राझील देश त्यांच्या नकाशावर नव्हता. तेव्हा मांतुआच्या कौलांवर फिकट गुलाबी असेल आणि ती खरंच जुनी असेल, तर ती आशियातून गेलेली आहे.

(याच पुस्तकात हिंदुस्थान अजून एका रूपात येतो. सुरुवातीच्या पानांवर विचित्र माणसांची रांग आहे आणि प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या हवाल्याने सांगितलंय की हिंदुस्थानात कुत्र्याच्या तोंडाची माणसं राहतात आणि भुंकून बोलतात. ती पानं बाजारात सगळ्यात महाग जातात.)

रंग जुना की नवा, याच्या खुणा मी कुठल्या क्रमाने बघते ते सांगते. पहिली खूण परत मागच्या बाजूलाच आहे, आणि ती तुम्ही स्वतःच लिहिली आहे: हिरव्यामागे कागद तपकिरी पडलाय. आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू देत नसत. ते कळकतं. भांड्याच्या काठाला जी हिरवट साय धरते तीच जंगाल. रंगासाठी ती मुद्दाम करत, तांब्याचे पत्रे आंबवलेल्या शिरक्याच्या वाफेवर ठेवून. हा हिरवा फार देखणा, पण त्यातलं तांबं कागदातल्या तंतूंना हळूहळू जाळतं. आधी मागे तपकिरी सावली उमटते, मग कागद कडक होतो, मग चिरतो, शेवटी हिरवा भाग खिडकीसारखा गळून पडतो. याला शतकं लागतात. म्हणून हिरव्यामागचा तपकिरी डाग हा जुन्या रंगाचा चांगला साक्षीदार आहे. पण एकटा पुरेसा नाही, कारण चहाच्या पाण्याने डाग करणारेही महाभाग आहेत. फरक असा की खरा डाग पुढच्या हिरव्याच्या आकाराशी तंतोतंत जुळतो, जाड रंगाच्या जागी गडद आणि पातळ जागी फिकट.

दुसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि ती फार थोडे लोक शोधतात. पुस्तक बंद असताना समोरासमोरची पानं शेकडो वर्षं एकमेकांना चिकटून असतात. शेजारच्या पानावर हिरवा रंग असेल तर त्याची तपकिरी पडछाया तुमच्या पानावर पडते, जिथे तुमच्या पानाला रंगच नाही अशा जागी. मजकुराच्या मधोमध एखादा उगाचच झग्याच्या किंवा झाडाच्या आकाराचा फिकट डाग दिसतोय का? दिसला तर पुस्तक बांधलेलं असतानाच शेजारचं पान रंगलेलं होतं, म्हणजे प्रतच रंगीत होती. सुटं पान विकत घेऊन रंगवणारा शेजारच्या पानाची सावली कुठून आणणार? तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या समासाजवळ मला तसं काहीतरी वाटतंय, पण फोटो वरून मारलेल्या फ्लॅशचा आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

तिसरी खूण कसरीची. कसर युरोपातही पुस्तकं सोडत नाही. पानाला किड्याचं भोक असेल आणि ते रंगातून गेलं असेल, तर भिंगातून भोकाची कड बघा. किडा रंगानंतर आला असेल तर भोकाच्या आतली कड कोरी, कागदाच्या रंगाची असते. रंग नंतर आला असेल तर तो कडेतून आत झिरपलेला दिसतो. फाटलेल्या जागी, घडीवर, डागांवर, जुन्या डकवलेल्या तुकड्यावर हीच कसोटी. डकवलेल्या तुकड्यावरून एकसंध जाणारा रंग म्हणजे डकवल्यानंतरचा रंग. मात्र भोकं छापलेल्या रेषेतच पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसत असतील आणि कागद तिथे शाबूत असेल, तर किडा लाकडी ठशाला लागला होता, पानाला नाही. नवशिके इथे हमखास फसतात.

चौथी, रंग कागदावर बसलाय की आत गेलाय. जुन्या कागदाला जनावरांच्या कातड्याच्या सरसाची पक्की कांजी असे, त्यामुळे डिंकात कालवलेला रंग वर राहतो, त्याला कड येते. विक्रीसाठी धुऊन शुभ्र केलेल्या पानातला सरस निघून जातो आणि त्यावर लावलेला नवा जलरंग टीपकागदात शाई जावी तसा पसरतो, मागेही सारखाच उतरतो. शिवाय तुमच्या रंगवणाऱ्याचा हात बघा. त्या काळचा कारागीर घाईत असे. हिरवा एका दमात सगळ्या झाडांना, लाल सगळ्या छपरांना, रेषेबाहेर गेला तर गेला. साचा ठेवून भरलेला असेल तर एकाच बाजूला सगळे रंग सरकलेले दिसतात. प्रत्येक खिडकी जपून, रेषेच्या आत, गुलाबी-जांभळ्या सात छटांत रंगवलेली दिसली की माझी भुवई वर जाते. एवढी फुरसत पगारी रंगवणाऱ्याला नव्हती.

उरलेलं काम प्रयोगशाळेचं. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये निघाला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकात, पाचूसारखा झगझगीत आर्सेनिकचा हिरवा १८१४ मध्ये, जस्ताचा पांढरा जलरंग १८३४ पासून आणि टायटॅनियमचा विसाव्या शतकात. यातलं एकही सापडलं तर तेवढा भाग तरी नंतरचा. क्ष-किरणांच्या यंत्राने रंगाला हात न लावता त्यातली मूलद्रव्यं कळतात. तुमच्याकडे अतिनील टॉर्च असेल तर अंधारात बघा: तांब्याचे हिरवे काळे दिसतात, जस्ताचा पांढरा पिवळसर-हिरवट चमकतो आणि पुसलेला ग्रंथालयाचा शिक्का असेल तर तोही कधी कधी वर येतो. शिक्का दिसला तर मला नको, आधी त्या ग्रंथालयाला कळवा.

एक करू नका: ओला कापूस फिरवून ‘रंग सुटतो का’ हे बघू नका. खरा जुना रंगही सुटतो. मी नवीन असताना जर्मनीतल्या एका कार्यशाळेत असंच एक पान सपाट करायला किंचित ओलसर टीपकागदात ठेवलं. हिंगूळ, अझुराइट जागच्या जागी राहिले. पण एका संताच्या झग्यावरचा पतंगाचा गुलाबी टीपकागदावर अख्खा उतरला, झग्याच्या घड्यांसकट. तो टीपकागद मी अजून जपून ठेवलाय. माझ्या शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी तोच दाखवते.

म्हणून तुमच्या चिरलेल्या हिरव्याबद्दल माझा सल्ला कडक आहे. पाणी नाही. कोणी ‘आम्लता काढून देतो’ म्हणून अल्कलीचं द्रावण फवारायचं म्हणालं तर पान उचलून घरी या. अल्कलीने जंगालचा रंग बदलू शकतो आणि ओलाव्याने तांबं आजूबाजूच्या चांगल्या कागदात पसरतं. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांचं नावही नको. चीर आत्ता पुढे जात नसेल तर पान सपाट ठेवणं, वाकू न देणं हाच उपचार. दुरुस्ती करायचीच झाली तर मागून अगदी तलम जपानी कागदाची पट्टी, आधी जिलेटिन लावून सुकवलेली, नाममात्र ओल देऊन चिकटवायची. ते कागद-संवर्धकाचं काम आहे आणि तुमच्या भागात ते करणारे भरपूर आहेत. छपरांवर किंवा ढगांवर राखाडी-काळे डाग दिसले तर तो मळ समजून खोडरबर चालवू नका. शेंदूर आणि सफेदा दोन्ही शिशाचे, हवेतल्या गंधकाने ते काळे पडतात. ती वयाची खूण आहे.

फ्रेम करायचीच झाली तर माउंट सुती चिंध्यांच्या आम्लरहित बोर्डाचा असावा. पान त्याला वरच्या कडेने दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगायचं, चारी बाजूंनी चिकटवायचं नाही, कारण कागद हवेनुसार हलतो. काच पानाला टेकता कामा नये. अॅक्रिलिक बऱ्याच ठिकाणी सुचवतात, पण त्याला स्थिर वीज धरते आणि सुटलेला रंग ते ओढून घेतं. तुमच्या पानावर अझुराइट दाणेदार आणि भुसभुशीत दिसतोय, म्हणून अतिनील गाळणारी काचच घ्या. उजेड ५० लक्सच्या आसपास. वाचायला अपुरा वाटेल इतका. पतंगाचा गुलाबी उजेडात उडतो आणि तो परत येत नाही.

आणि आता चिपळूण. तुमच्या भावना कळतात, पण माझं उत्तर नाही असंच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणातल्या घरात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. अशा पानाला ४५ ते ५५ हवी, आणि मुख्य म्हणजे सतत तेवढीच हवी. बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या फ्रेममागे तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत बुरशी येते. जंगाल त्या दमट हवेत जे काम शंभर वर्षांत करतं ते फार लवकर करेल. जुलै २०२१ च्या पुराबद्दल तर चिपळूणकरांना मी काय सांगावं.

शिवाय कागदपत्रांचा प्रश्न आहे, तो तुम्ही विचारलेला नाही पण विचारायला हवा होता. सांस्कृतिक वस्तू युरोपीय संघाबाहेर नेण्याच्या २००९ च्या नियमात इन्क्युनाबुला आणि हस्तलिखितं येतात, एकेकटी असली तरी. पन्नास वर्षांपेक्षा जुनी असतील तर किंमत कितीही असो, परवाना लागतो. बॅगेत टाकून नेऊ नका. तुमच्या राज्याच्या सांस्कृतिक खात्याला सुट्या पानाबद्दल लेखी विचारा. आणि भारतात आल्यावर शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. परत बाहेर न्यायची वेळ आली तर अडचण होईल.

आईवडिलांसाठी एक उपाय आहे. पान तपासायला घ्याल तेव्हा चांगल्या स्कॅनरवर नको, कारण झाकणाचा दाब आणि दिवा दोन्ही नकोत, कॅमेऱ्याने वरून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. सुती कागदावर मूळ मापात छापून तो चिपळूणला लावा. उन्हात राहिला, ओला झाला, पुन्हा छापता येईल. मूळ पान स्टुटगार्टला आम्लरहित पेटीत आडवं ठेवा.

त्याच वेळी टॉर्च कडेला धरून मागच्या बाजूचे दोन फोटो मलाही पाठवा, एक डावीकडून उजेड देऊन आणि एक वरून. डाव्या समासाजवळचा तो फिकट डाग दोन्हींत यायला हवा. तो शेजारच्या पानाची पडछाया निघाला तर विक्रेत्याचं ‘मूळ रंग’ निदान त्या प्रतीपुरतं मी मान्य करेन. नुसता पाण्याचा डाग निघाला तर गुलाबी छपरांकडे आपण पुन्हा एकदा भिंग घेऊन बघू.